केस पेपरवर न लिहिलेलं: रुग्णाच्या आध्यात्मिक गरजांविषयी वाचकांचे प्रश्न

गंभीर आजारात रुग्णाच्या श्रद्धा, मनातली टोचणी, ‘माझ्याच वाट्याला हे का?’ हा प्रश्न, या सगळ्याचं दवाखान्यात काय करायचं, याबद्दल नातेवाईक, परिचारिका आणि तरुण डॉक्टरांची पत्रं आली आहेत. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. उत्तरं परिहार सेवेतले, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरमधले डॉक्टर, परिचारिका आणि वैद्यकीय समाजसेवक यांनी मिळून दिली आहेत. औषधांच्या मात्रा समजण्यापुरत्या आहेत. आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांत बदल करू नये.

प्रश्न : मी मेडिसिनचा निवासी डॉक्टर आहे. एका राउंडला चाळीस रुग्ण असतात. त्यांच्या अध्यात्माची चौकशी करणं हे खरंच आमचं काम आहे का? आणि असलं, तर वेळ कुठून आणायचा?

उत्तर : काम तुमचंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२च्या व्याख्येत परिहार सेवेने शारीरिक आणि मनोसामाजिक त्रासाबरोबर आध्यात्मिक त्रासही ओळखावा आणि हाताळावा असं म्हटलं आहे. आपल्याकडे रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या ‘एनएबीएच’च्या निकषांतही रुग्णाच्या आध्यात्मिक आणि सांस्कृतिक गरजांचा मान राखणं हा रुग्णहक्क आहे. या विचाराचं मूळ सिसिली सॉन्डर्स यांच्याकडे जातं. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. १९६७मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था, सुरू केली. रुग्ण ‘दुखतंय’ म्हणतो तेव्हा त्यात शरीर, मन, घरची परिस्थिती आणि अध्यात्म अशी चार दुखणी एकात एक गुंतलेली असतात, हे त्यांनी दाखवून दिलं. मॉर्फिन हे तीव्र दुखण्यावरचं औषध वाढवत नेलं तरी दुखणं हटत नाही, तेव्हा बहुतेकदा या चारांपैकी एखादं विचारायचंच राहिलेलं असतं.

वेळेचं म्हणाल, तर तीन-चार मिनिटं पुरतात. अमेरिकेतल्या डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी १९९६मध्ये ‘फायका’ नावाची चार प्रश्नांची पद्धत बसवली. तिचा शब्दशः तरजुमा वॉर्डात चालत नाही. मराठीत ती साधारण अशी बोलता येते. पहिला प्रश्न : ‘अशा अवघड वेळी तुम्हाला कशाचा आधार वाटतो?’ दुसरा : ‘आजारपणामुळे त्यात काही फरक पडलाय का?’ तिसरा : ‘तुमच्या सोबतीला कोण असतं? घरचे, भजनी मंडळ, विहार, मशीद, चर्च, मित्र?’ चौथा : ‘यात आम्ही काय करावं असं तुम्हाला वाटतं?’ ‘तुमचा धर्म कोणता?’ हे विचारू नका. त्या प्रश्नाला फॉर्मवरचं उत्तर येतं आणि बोलणं तिथेच संपतं. ‘आधार’ हा शब्द सगळ्यांना चालतो. उत्तरात कुणी विठ्ठल म्हणेल, कुणी नात म्हणेल, कुणी ‘माझी दोन एकर जमीन’ म्हणेल.

प्रश्न विचारण्याआधी दुखणं, उलटी, धाप यांचं काय ते करा. पोटात कळ येत असलेला माणूस आधाराबद्दल काय बोलणार? मग स्टूल ओढून बसा. उभ्याने विचारलं की रुग्णही उभ्या-उभ्या उत्तर देतो. सकाळच्या राउंडला सात जण पलंगाभोवती असताना विचारू नका, दुपारी एकटे या. नातेवाईक समोर असतील तर त्यांना चहाला पाठवा. मुलासमोर बाप अपराधाचं काही बोलत नाही. दाखल झाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत एकदा, वाईट बातमी सांगितल्यावर एकदा आणि उपचारांची दिशा बदलली की एकदा, एवढं पुरे.

सगळ्यात मोठी चूक विचारण्यात होत नाही, विचारून काहीच न करण्यात होते. म्हणून उत्तर केस पेपरवर लिहा, दोन ओळींत आणि कृतीच्या भाषेत. ‘रुग्ण धार्मिक आहे’ या नोंदीचा कुणालाच उपयोग नाही. ‘पहाटे सहाला नमाज, त्या वेळी रक्त काढू नये. धाकट्या भावाशी सहा वर्षं अबोला, भेट हवी आहे, समाजसेवकांना कळवलं. मौलवी नकोत’ असं लिहिलं, की रात्रपाळीच्या सिस्टरपासून प्रयोगशाळेतल्या मुलापर्यंत प्रत्येकाला आपण काय करायचं ते कळतं.

प्रश्न : वडील माळकरी आहेत, वय ७१. घशाचा कर्करोग आहे. दुखणं असह्य होतं, पण मॉर्फिन घेत नाहीत. ‘भोग आहेत, भोगूनच संपवायचे’ म्हणतात. गोळीने गुंगी येऊन नाम सुटेल अशीही भीती त्यांना आहे. काय करावं? (बार्शी)

उत्तर : इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. त्या आधी सुट्या करा.

नाम सुटण्याची भीती ही औषधाची शंका आहे आणि तिला औषधाचंच उत्तर आहे. तोंडाने घ्यायचं साधं मॉर्फिन बहुधा ५ मिलिग्रॅमपासून, दर चार तासांनी सुरू करतात. अशक्त आणि वयस्क रुग्णांत २.५ मिलिग्रॅमपासून. गोळी साधारण अर्ध्या तासात लागू पडते आणि तासाभराने तिचा जोर सर्वांत जास्त असतो. गुंगी येते ती पहिले दोन-चार दिवस, मात्रा स्थिरावली की बहुतेकांची उतरते. बद्धकोष्ठता मात्र उतरत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून शौचाला साफ होण्याचं औषध सोबत हवंच. ते दिलं नाही की पाचव्या दिवशी पोट फुगतं आणि ‘गोळी बाधली’ म्हणून मॉर्फिन बंद होतं. आमच्या पाहण्यात घरी मॉर्फिन थांबण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. वेळा सहा, दहा, दोन, सहा, दहा अशा धरतात आणि रात्री दहाला डॉक्टर दुप्पट मात्रा लिहून देतात, म्हणजे मध्यरात्री उठावं लागत नाही. वडील संध्याकाळी सातला हरिपाठ म्हणत असतील, तर सहाच्या गोळीमुळे नेमक्या त्या वेळी दुखणं कमी राहील. आठवड्यानंतरही पेंग येत असेल तर मात्रा जास्त होते आहे असं समजून डॉक्टरांना सांगा. मनाने एकदम बंद करू नका.

त्यांना आठ दिवसांचा करार सुचवा. दुखण्याला दहापैकी किती गुण आणि त्या दिवशी किती माळा झाल्या, हे रोज वहीत लिहायचं. आठवड्याने वही त्यांनीच वाचायची. दुखण्यामुळे नाम सुटत होतं की गोळीमुळे, हे त्यांचं त्यांना दिसेल.

भोगाचं तसं नाही. ती त्यांची श्रद्धा आहे. ‘असं काही नसतं हो बाबा’ म्हणून तिच्याशी वाद घालू नका. वादात तुम्ही जिंकलात, तरी त्यांच्या हातातली एकमेव संगती जाते. विचारावं ते असं : ‘भोग संपवायचेत हे मान्य, पण औषध घेणं हा त्यातलाच एक भाग नाही का? डायबेटिसची गोळी घेता तेव्हा भोग चुकवले असं वाटतं का?’ उत्तराची घाई करू नका. दिंडीतले एखादे जाणते महाराज असतील, ज्यांचा शब्द वडील मानतात, त्यांना घरी बोलवा. त्यांना आधी आजार आणि औषध नीट समजावून सांगा, नाहीतर ते भलतंच सांगून जातील. आणि एवढं करूनही वडील नको म्हणाले, पूर्ण शुद्धीवर, परिणाम समजून, तर तो निर्णय त्यांचा आहे. तेव्हा पॅरासिटामॉल, दुखऱ्या जागेपुरती रेडिएशन, नस बधिर करणं हे पर्याय डॉक्टरांशी बोला. दर काही दिवसांनी मॉर्फिनचा विषय पुन्हा काढा, पण दरडावून नाही.

रेडिएशनचा विषय निघालाच आहे, तर माळेचंही सांगतो. मान-घशाच्या रेडिएशनसाठी प्लास्टिकचा साचा चेहऱ्या-मानेवर बसवतात. खाली माळ आली की साचा नीट बसत नाही, आणि आधीच होरपळलेल्या कातडीवर मणी घासतात. पण साचा करायच्या दिवशी तंत्रज्ञाने ‘माळ काढा’ म्हटलं आणि माळकऱ्याला ती तिथेच उतरवावी लागली, तर तो माणूस पुन्हा येईलच असं नाही. साच्याच्या आधीच्या भेटीत हे बोलून घ्या. तेवढ्या दिवसांपुरती माळ मनगटाला बांधणं अनेक जण मान्य करतात. माळ उतरवायची वेळ आलीच, तर ती त्यांच्याच हाताने उतरू द्या.

पंढरपूर राहून गेलं असं ते म्हणत असतील, तर तेही अशक्य समजू नका. आषाढी-कार्तिकीची गर्दी टाळून साधा वार बघा. पदस्पर्शाच्या रांगेचा हट्ट न धरता मुखदर्शन घ्या, आणि तेही झेपलं नाही तर कळसाचं दर्शन. वारकऱ्याला त्याचं मोल सांगावं लागत नाही. सोबत दोन दिवसांची जास्तीची औषधं, मधेच उसळणाऱ्या दुखण्यासाठी दिवसभराच्या मॉर्फिनच्या साधारण सहाव्या भागाइतकी जादा मात्रा आणि डॉक्टरांची चिठ्ठी हवी. मॉर्फिन हे कायद्याने नियंत्रित औषध आहे, त्यामुळे चिठ्ठीशिवाय ते घेऊन फिरू नका. अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते मिळवणं सोपं झालं आहे, म्हणून ‘मिळतच नाही’ असं कुणी म्हटलं तर जवळच्या कर्करोग रुग्णालयात विचारा.

प्रश्न : आमच्या वॉर्डात सगळ्या धर्मांचे रुग्ण असतात. शेवटच्या वेळी कुणासाठी काय करायचं, याची एक यादी द्याल का? भिंतीवर लावू. (परिचारिका, जिल्हा रुग्णालय)

उत्तर : यादी मुद्दामच देत नाही. भिंतीवर यादी लागली की रुग्णाला विचारणं बंद होतं, आणि मग चुका होतात. यातली सर्वांत दुखावणारी चूक आपल्याच राज्यातली आहे. आडनावावरून अंदाज बांधून बौद्ध रुग्णाच्या तोंडात कुणीतरी गंगाजल आणि तुळशीपत्र घालतं. ज्या घराने १९५६च्या नागपूरच्या धर्मांतरापासून हे सगळं जाणीवपूर्वक बाजूला ठेवलं, त्या घरातल्या माणसाच्या शेवटच्या क्षणी आपण ते परत आणतो. त्याला कदाचित त्रिशरण-पंचशील ऐकायचं असेल. कदाचित काहीच नको असेल, फक्त मुलीचा हात हवा असेल.

तरी काही गोष्टी आधी माहीत असल्या तर धावपळ वाचते. कॅथलिक रुग्णांना धर्मगुरू पवित्र तेल लावून प्रार्थना करतात, ती आजाऱ्यासाठी आहे, केवळ मरणाऱ्यासाठी नाही. फादरना रुग्ण शुद्धीवर असतानाच बोलवा. श्वास लागल्यावर रात्री दोनला फोन करण्यात सगळ्यांचीच ओढाताण होते. मुस्लिम कुटुंबं बहुधा रुग्णाचं तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, करायला सांगतात. मुंबईतून तो जवळजवळ पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे येतो. पलंगाला चाकं असतील तर तो फिरवायला दोन मिनिटं लागतात, फक्त ऑक्सिजनची नळी पुरते का ते आधी बघा. कानाशी कलमा म्हणायला एक जण जवळ बसू द्या, भेटीची वेळ संपली असली तरी. नंतर दफन लवकर करायचं असतं, म्हणून मृत्यूच्या कारणाचा दाखला वेळेत भरा. रमजानमध्ये आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे हे बहुतेकांना ठाऊक असतं, पण सूट घेताना अपराधी वाटतं. तिथे डॉक्टरपेक्षा त्यांच्या ओळखीच्या मौलवींचा एक शब्द जास्त उपयोगी पडतो. जैन रुग्ण सूर्यास्तानंतर काही घेत नसतील, तर रात्रीच्या गोळ्या संध्याकाळी पाचला बसतात का, किंवा सलाईनमधून देता येतात का, हे डॉक्टरांना विचारा. गोळी उशीखाली सापडण्यापेक्षा ते बरं.

कॅप्सूलबद्दल बरेच जण विचारतात. तिचं टरफल बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यापासूनचं असतं. त्याच औषधाची गोळी, पातळ औषध किंवा वनस्पतीजन्य टरफलाची कॅप्सूल मिळते का ते बघा. कॅप्सूल फोडून पाण्यात घालू नका. ओमेप्राझोलसारख्या औषधाचे दाणे फुटले की ते जठरातच निकामी होतं. रक्ताच्या गुठळ्या रोखणारं हिपॅरिन डुकराच्या आतड्यापासून बनतं. ज्यांना ते चालत नाही, त्यांच्यासाठी फोंडापॅरिनक्स हा कृत्रिम पर्याय डॉक्टर विचारात घेऊ शकतात. इन्सुलिनची काळजी मात्र आता नको, ते जिवाणू किंवा यीस्टकडून तयार करून घेतात.

यादीऐवजी वॉर्डात एक डबा ठेवा. त्यात बॅटरीची पणती, चार-पाच स्वच्छ इअरफोन, झाकणाच्या छोट्या पिशव्या, चिकटपट्टी, कापसाच्या काड्या आणि एका वहीत जवळच्या देवळातले, विहारातले, मशिदीतले, चर्चमधले, गुरुद्वारातले फोन नंबर. नंबर दर सहा महिन्यांनी लावून बघा. पडदा हा या डब्यात मावत नाही, पण त्याची गरज सगळ्यात जास्त असते.

प्रश्न : आयसीयूत अंगारा, तीर्थ, ताईत यांवरून रोज भांडणं होतात. नेमकं काय चालतं आणि काय नाही?

उत्तर : ‘नियमात नाही’ एवढंच सांगितलं की भांडण होतं. कारण सांगितलं तर बहुतेक ऐकतात.

निरांजन, उदबत्ती, कापूर : ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत अजिबात नाही. ऑक्सिजन पांघरुणात, कपड्यांत, केसांत मुरतो, आणि बंद केल्यावरही वीस-तीस मिनिटं ठिणगीने भडका उडू शकतो. घरी काँसंट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन देणारं यंत्र, असेल तर हाच नियम देवघरालाही लागू. नाकाशी तेलकट मलम किंवा तूपही लावू नये.

अंगारा, बुक्का : धड कातडीवर, कपाळाला चिमूटभर चालतो. सलाईनची सुई, मानेतली मोठी नळी, जखम, श्वासाची नळी यांच्या जवळ नाही. पांढऱ्या पेशी फार कमी असतील (न्यूट्रोफिल ५००च्या खाली), तर पुडी झाकणाच्या पिशवीत घालून उशाशी ठेवा. ताजी फुलं आणि तुळशीचं रोपही तेव्हा खोलीत नको, मातीतली बुरशी अशा रुग्णाला घातक ठरते.

तीर्थ आणि गंगाजल : इथे नीट थांबून वाचा. अर्धवट शुद्धीतल्या माणसाची गिळण्याची क्रिया मंदावलेली असते. शेवटच्या तासांत दहा नातेवाईक येतात, आणि दहाही जण चमचाभर पाणी तोंडात सोडतात. प्रत्येकाला वाटतं आपण एकच चमचा दिला. ते पाणी श्वासनलिकेत उतरतं, ठसका लागतो, छातीत घुरघुर सुरू होते, आणि ज्याला शांती मिळावी म्हणून हे केलं त्याचा जीव गुदमरतो. तर चमचा काढून घ्या. पलंगाची डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर करा, मान एका कुशीला. वाटीत गंगाजल ठेवा. प्रत्येकाने कापसाची काडी बुडवायची, वाटीच्या कडेला दाबून निथळायची आणि ओठांवरून, गालाच्या आतून हलकेच फिरवायची. कोरडं पडलेलं तोंड ओलं होतं, म्हणजे ही शुश्रूषाही झाली. दहाच काय, वीस जणांनी केलं तरी चालतं.

ताईत, गंडा, मंगळसूत्र : एमआरआयच्या खोलीत धातू नको, ताईताच्या पेटीत आणि कधी आतल्या पत्र्यातही तो असतो. शस्त्रक्रियेत विजेच्या चाकूमुळे दागिन्याखाली भाजू शकतं. मंगळसूत्र काढायचं म्हटलं की बाई रडते, ते साहजिक आहे. हळकुंड बांधलेला पिवळा दोरा आदल्या रात्री घरच्यांकडून घालून घ्या. ही सोय आपल्या आज्यांनी कधीच करून ठेवली आहे. धाग्याला कात्री लावायची वेळ आलीच तर विचारून लावा, आणि तुकडा पिशवीत घालून नाव लिहून परत द्या.

प्रश्न : मी निरीश्वरवादी आहे. उद्या मला असा आजार झाला तर हे सगळं माझ्यावर लादलं जाईल का?

उत्तर : लादलं जाऊ नये, आणि तसं आत्ताच घरच्यांना लेखी सांगून ठेवा. वरच्या चार प्रश्नांत देव कुठेच नाही. तुमचा आधार शास्त्रीय संगीत असेल, काम असेल, माणसं असतील. तेच केस पेपरवर जातं. वॉर्डात पलंगामागून पलंग फिरत पत्रकं वाटणाऱ्या आणि न विचारता प्रार्थना करणाऱ्या गटांना, ते कोणत्याही धर्माचे असोत, रुग्णालयाने परवानगी देऊ नये. रस्त्यावरचा माणूस नको असेल तर पुढे निघून जातो, पलंगावरच्या माणसाला तसं जाता येत नाही. रुग्णाने स्वतः बोलावलं तरच यावं. डॉक्टरांनाही हेच लागू. रुग्णाने ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हटलं आणि तुमचा विश्वास नसला, तर नाटक करू नका. ‘तुम्ही म्हणा, मी शेजारी बसतो’ म्हणून खरंच बसा.

प्रश्न : बाबांना यकृताचा कर्करोग आहे, घरी आहेत. तीन दिवसांपासून ‘आई आलीय, दारात उभी आहे’ म्हणतात. आजी जाऊन तीस वर्षं झाली. हा भ्रम समजायचा की अजून काही? (ठाणे)

उत्तर : आयुष्याच्या शेवटच्या दिवसांत गेलेली माणसं दिसणं पुष्कळांच्या बाबतीत घडतं. त्याचा अर्थ काय, हे वैद्यकाने ठरवायचं नाही. वैद्यकाने एवढंच बघायचं, की त्यामागे बरा करता येण्याजोगा त्रास आहे का.

बाबा आजीबद्दल शांतपणे बोलतात, तुम्हाला ओळखतात, बाकीचं बोलणं सुसंगत आहे, तर काही करू नका. ‘आई काय म्हणते?’ असं विचारा आणि ऐका. ‘कुणी नाहीये तिथे’ असं सुधारू नका.

पण ते घाबरत असतील, चादर ओढत, कपडे चाचपत असतील, दिवसा झोप आणि रात्री जाग अशी उलटापालट झाली असेल, तासातासाला अवस्था बदलत असेल, तर हा वातभ्रम, म्हणजे डेलिरियम आहे. आधी ओटीपोटावर हात ठेवा. लघवी तुंबली असेल तर तिथे टणक, दुखरा गोळा लागतो, आणि ती मोकळी केल्यावर रुग्ण तासाभरात शांत झाल्याचं दिसतं. मग शौचाला कधी झालं ते बघा. यकृताच्या आजारात बद्धकोष्ठतेने अमोनिया साचून मेंदूवर परिणाम होतो, म्हणून तुमच्या बाबांसाठी हे विशेष महत्त्वाचं. ताप, नवीन सुरू केलेली औषधं, झोपेच्या गोळ्या, रक्तातलं सोडियम-कॅल्शियम हे डॉक्टर बघतील. गरज वाटली तर ते हॅलोपेरिडॉल अगदी कमी मात्रेत, अर्ध्या मिलिग्रॅमपासून देतात. खोलीत रात्री मंद दिवा, समोर घड्याळ, चष्मा आणि कानाचं यंत्र लावलेलं, आणि ओळखीचं एकच माणूस जवळ, एवढ्याने बराच फरक पडतो. हात बांधू नका.

प्रश्न : ‘मी कुणाचं काय वाईट केलं होतं?’ असं आई सारखं विचारते. काय उत्तर द्यावं?

उत्तर : उत्तर ती मागत नाहीये. ‘असं बोलू नये’, ‘देव परीक्षा बघतो’, ‘सकारात्मक राहा’ ही तिन्ही वाक्यं तिचं तोंड बंद करतात. तिचेच शब्द हळू परत म्हणा, ‘काय वाईट केलं असं वाटतं तुला?’, आणि मनात दहापर्यंत मोजत गप्प बसा. त्या शांततेत बहुधा काहीतरी नेमकं बाहेर येतं : कुलदैवताचा न फेडलेला नवस, सासूशी वागणं, जावेशी तोडलेलं बोलणं. नेमकं कळलं की करता येतं. नवस घरच्या कुणी तिच्या वतीने फेडावा आणि प्रसाद तिच्या हातात द्यावा. जावेला फोन लावून द्यावा, बोलणं अर्धा मिनिट झालं तरी पुरे. मशेरी-तंबाखूची टोचणी असेल तर खोटा दिलासा देऊ नका : ‘तंबाखूने धोका वाढतो हे खरं आहे, पण आजार ही शिक्षा नाही. आणि तू सुरू केलंस तेव्हा तुला कुणी सांगितलं नव्हतं.’ वॉर्डात डॉक्टरांनी त्यावरून रागावणं तर तद्दन चुकीचं आहे.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नाही, नातवंडंही नकोशी झाली आहेत, ‘मी सगळ्यांना भार आहे’ हेच चालू आहे, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. ‘सुटका व्हावी’ असं म्हणत असेल तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर तिला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : सासरचे लोक देवऋषी आणायचं म्हणतात. अडवायचं का?

उत्तर : प्रार्थना, अंगारा, दृष्ट काढणं यांनी उपचार थांबत नसतील तर अडवू नका. औषध बंद करा म्हणणं, चटके, मारहाण, धूर, पैशांची मागणी आणि पोटात काही देणं इथे मात्र ठाम थांबवा. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा अशा अघोरी प्रकारांना लागू होतो. रागाने हाकललं तर तो मागच्या दाराने येतो आणि काय खायला दिलं ते तुम्हाला कळत नाही. पुडी दिलीच तर ती डॉक्टरांना दाखवा. काही भस्मांत शिसं, पारा असतो, आणि आधीच थकलेल्या मूत्रपिंडाला तो झेपत नाही.

प्रश्न : शेवट घरी व्हावा अशी आजोबांची इच्छा आहे. रुग्णालय म्हणतं, ‘सही करून स्वतःच्या जबाबदारीवर न्या.’ दुसरा मार्ग नाही का?

उत्तर : आहे. आपल्या अंगणात, आपल्या माणसांत जावं ही इच्छा म्हणजे उपचार नाकारणं नव्हे. ‘सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’ घेतला की औषधं, कागद आणि डॉक्टर तिन्ही सुटतात. त्याऐवजी नियोजित डिस्चार्ज मागा आणि बाहेर पडण्यापूर्वी एवढं हातात घ्या : आजाराचा आणि ‘आता आराम हाच उपचाराचा हेतू’ असल्याचा लेखी सारांश, दुखणं, धाप, घुरघुर आणि बेचैनी या चार त्रासांची औषधं, तोंडाने घेता न आल्यास त्वचेखाली कशी द्यायची हे एका जबाबदार माणसाने परिचारिकेसमोर दोनदा करून दाखवल्यावरच, रात्री फोन उचलणाऱ्याचा नंबर, आणि गावातल्या डॉक्टरांना रुग्णालयाकडून गेलेला फोन. हा शेवटचा फोन विसरला जातो. रुग्णालयातल्या मृत्यूच्या कारणाचा दाखला नमुना ४ वर असतो, घरच्या मृत्यूचा नमुना ४अ वर, आणि तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी द्यायचा असतो. आधी बघितलंच नाही असं म्हणून गावचे डॉक्टर नकार देतात आणि प्रेत ओट्यावर ठेवून मुलं सहीसाठी वणवण फिरतात. म्हणून घरी पोचल्यावर पहिल्याच दिवशी त्यांना आजोबांना बघून जायला सांगा.

घरी झेपणार नसेल तर हॉस्पिसचा पर्याय आहे. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालं, आणि गोव्यात लोटलीलाही त्यांचं केंद्र आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७पासून आहे, तिथे कर्करोगाच्या रुग्णांची सेवा विनामूल्य होते आणि नातेवाइकाला रुग्णाजवळ राहता येतं.

गाडीत आजोबांचं डोकं गाडीच्या पुढच्या बाजूला ठेवा, निघण्याआधी अर्धा तास दुखण्याची जादा मात्रा द्या, आणि खड्ड्यांच्या रस्त्याला ड्रायव्हरला हळू चालवायला सांगा. घरी पलंग कुठे टाकायचा ते आजोबांनाच विचारा. बऱ्याच जणांना माजघर नको असतं, ओसरी हवी असते, जिथून येणारा-जाणारा दिसतो.